सोनोग्राफीचा हात

सोनोग्राफीचें यंत्र आतां तालुक्याच्या गांवींही कोणास नवीन राहिलेलें नाहीं. घरांतील सून गरोदर राहिली कीं तिला एक-दोनदां त्या अंधाऱ्या खोलींत नेऊन आणणें हें गृहस्थाश्रमांतील एक नित्याचें काम होऊन बसलें आहे. परंतु या यंत्राविषयीं चांगल्या सुशिक्षित घरांतूनही एक चुकीची समजूत आढळते. यंत्र महाग असलें म्हणजे चित्र चांगलें येणार, आणि डॉक्टरानें फक्त कळ दाबून तें वाचावयाचें, असें बहुतेकांस वाटतें. क्ष-किरणांच्या छायाचित्राच्या बाबतींत या समजुतींत पुष्कळ तथ्य आहे. तेथें चित्र काढणारा एक आणि वाचणारा दुसरा असूं शकतो. सोनोग्राफीचें चित्र मात्र यंत्रांतून आयतें बाहेर पडत नाहीं. तें हातानें शोधून काढावें लागतें, आणि ज्याच्या हातांत प्रोब आहे त्याचा हात शिकलेला नसेल तर लाखों रुपयांचें यंत्रही मुकेंच राहतें.

असें कां व्हावें हें समजण्यास यंत्राची रचना थोडी पाहिली पाहिजे. पियेर क्यूरी आणि त्याचा भाऊ झाक यांनीं १८८० सालीं असें दाखविलें कीं, कांहीं स्फटिकांवर दाब दिला असतां त्यांत विद्युत् उत्पन्न होते. उलट, विद्युत् दिली असतां तेच स्फटिक कंप पावतात. प्रोबच्या टोकाशीं याच गुणाच्या द्रव्याचे बारीक तुकडे बसविलेले असतात व ते सेकंदास वीस लक्षांपासून दीड कोटीपर्यंत कंप पावतात. मनुष्याच्या कानाची धांव वीस हजारांपलीकडे नाहीं. म्हणून हा ध्वनि श्राव्यातीत. शरीराच्या मऊ भागांतून तो सेकंदास सुमारें १५४० मीटर वेगानें जातो, आणि जेथें एक द्रव्य संपून दुसरें लागतें तेथून त्याचा कांहीं अंश प्रतिध्वनि होऊन माघारी येतो. विहिरींत हांक मारून पाणी किती खोल आहे याचा अंदाज घेणारा मुलगा जें करतो तेंच हें यंत्र करतें. फरक इतकाच कीं, एक सेंटिमीटर खोलीवरून हांक परत येण्यास लागणारा काळ म्हणजे एका सेकंदाचे दहा लक्ष भाग केले तर त्यांतील केवळ तेरा भाग होत. ग्लासगो येथील इयन डोनाल्ड व त्याचे सहकारी यांनीं १९५८ सालीं या युक्तीनें पोटांतील गांठी ओळखल्याचें प्रसिद्ध केलें, आणि तेथपासून ही विद्या रुग्णालयांत स्थिरावली.

पण हा ध्वनि एका वेळीं शरीराची एक पातळ चकतीच दाखवितो. कलिंगड न फोडतां त्यांतील बियांची मांडणी सांगावयाची आहे, आणि पाहावयास मात्र सुरीच्या पात्याइतकी फट मिळते आहे, असें समजावें. प्रोब सरकविला, कलता केला, जागच्या जागीं फिरविला किंवा थोडा अधिक दाबला कीं चकती बदलते. अशा शेंकडों चकत्यांवरून मनांत एक घन आकृति उभी करावयाची, ती चुकीची वाटली तर हात हलवून पुन्हां पाहावयाचें, आणि हें सर्व चालू असतां डोळे हातावर नव्हे तर पडद्यावर ठेवावयाचे! शिवाय वाटेंत हवा आली कीं ध्वनि तेथेंच अडतो, हाड आलें कीं त्यामागें काळी सावली पडते. नवशिक्याचें पहिलें एक-दोन आठवडे तर डावें-उजवें ओळखण्यांतच जातात.

हात थोडा चुकला तर काय बिघडतें, हें एका साध्या मापावरून दिसेल. गर्भाचें वय व वाढ ठरवितांना मांडीच्या हाडाची लांबी मोजतात. चकती हाडाच्या लांबीला धरून न जातां तिरकी गेली तर हाड आंखूड दिसतें. डोक्याची रुंदीही मेंदूंतील ठराविक खुणा एकाच चकतींत दिसत असतील तेव्हांच मोजावयाची असते. थोडें वर किंवा खालीं मोजलें कीं आंकडा बदलतो. यंत्र तक्रार करीत नाहीं. दिलेल्या दोन ठिपक्यांमधील अंतर तें निमूटपणें सांगतें, आणि त्या आंकड्यावरून एखादें निकोप मूल खुरटलेलें ठरतें किंवा खुरटलेलें मूल निकोप ठरतें.

गोंदिया जिल्ह्यासारख्या भागांत या प्रश्नास विशेष धार येते. १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा भातासाठीं व भातगिरण्यांसाठीं प्रसिद्ध आहे. पण त्याचा पूर्व व दक्षिणेकडील पदर, म्हणजे सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगांव, हा जंगलाचा आणि विरळ वस्तीचा आहे. २०१६ सालीं गोंदियास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें व तेथील कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय आणि बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय हीं त्यास जोडलीं गेलीं. पूर्वीं अशा शिक्षणासाठीं नागपुराकडेच पाहावें लागे. आतां जिल्ह्यांतच तरुण डॉक्टर घडूं लागले. त्यांतील कोणी उद्यां आडवळणाच्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयांत असेल. तेथें एक स्त्री येते. दोन महिने पाळी चुकलेली, पोटांत एकाएकीं कळ, चेहरा पांढराफटक. गर्भ गर्भाशयाबाहेर, नळींत राहून ती नळी फुटली असेल तर पोटांत रक्त सांठत असतें. यकृत आणि उजवें मूत्रपिंड यांच्या मधल्या खळग्यांत किंवा गर्भाशयाच्या मागें तें काळ्या पट्टीसारखें दिसतें. ही पट्टी दोन मिनिटांत ओळखतां आली तर रुग्णवाहिका ताबडतोब शस्त्रक्रियागृहाकडे निघते. ओळखतां आली नाहीं, तर वायूचा त्रास समजून एक इंजेक्शन दिलें जातें आणि सकाळपर्यंत वाट पाहिली जाते. अशा वेळीं रात्र आणि सकाळ यांतील अंतर फार मोठें असतें.

मग हा हात शिकवावयाचा कोठें? आजवरची रीत अशी कीं, शिकाऊ डॉक्टरानें वरिष्ठाच्या पाठीशीं उभें राहून पाहावें, आणि गर्दी ओसरली कीं दोन मिनिटें प्रोब हातांत घ्यावा. पण सरकारी रुग्णालयांत गर्दी ओसरत नाहीं. बाहेर बांकावर भरल्या मूत्राशयानें ताटकळलेल्या बायका बसलेल्या असतात. आंत एकच यंत्र, एकच तज्ज्ञ. शिकणाऱ्यानें हात लावला कीं पांच मिनिटांची तपासणी वीस मिनिटांची होते, आणि तीं जादा पंधरा मिनिटें ज्या बाईच्या अंगावरून जातात तिला कोणी विचारलेलें नसतें. योनिमार्गानें करावयाच्या तपासणींत तर संकोच आणि वेदना यांची भर पडते. गरिबाच्या शरीरावर विद्या शिकून श्रीमंताच्या शरीरावर ती वापरावयाची, हा व्यवहार जुना आहे. जुना आहे म्हणून तो योग्य ठरत नाहीं.

कायद्याचीही एक बाजू आहे. गर्भलिंग पाहून मुली नाहींशा करण्याचा जो प्रकार सुरू झाला, त्याविरुद्ध देशांतील पहिला कायदा १९८८ सालीं महाराष्ट्रानें केला. केंद्राचा कायदा १९९४ सालीं झाला व २००३ सालीं तो अधिक कडक करण्यांत आला. त्यामुळें गर्भिणीची सोनोग्राफी नोंदणीकृत ठिकाणीं, पात्र डॉक्टरानेंच व प्रत्येक स्त्रीचा 'एफ' नमुना भरूनच करावयाची असते, आणि गर्भाचें लिंग शब्दानें, खुणेनें वा अन्य कोणत्याही प्रकारें सांगण्यास मनाई आहे. एम. बी. बी. एस. डॉक्टरांस सहा महिन्यांचें शिक्षण व परीक्षा २०१४ च्या नियमांनीं लावून दिली. २०११ च्या जनगणनेंत गोंदिया जिल्ह्यांत दर हजार पुरुषांमागें ९९९ स्त्रिया होत्या आणि साऱ्या महाराष्ट्रांत ९२९. हे आंकडे पाहिले म्हणजे कायद्याचा जाच कशासाठीं हें सांगावें लागत नाहीं. परंतु यंत्र नवशिक्याच्या हातीं सहज पडूं नये ही व्यवस्था जितकी आवश्यक, तितकीच नवशिक्यानें सराव कोठें करावा ही अडचणही खरी आहे.

या अडचणीवरील तोड आपल्याकडे फार पूर्वीं सुचलेली होती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील नवव्या अध्यायास योग्यासूत्रीय असें नांव आहे. योग्या म्हणजे सराव. ज्यानें सर्व शास्त्र ऐकलें पण हातानें सराव केला नाहीं तो कर्म करण्यास अपात्र, असें तेथें स्पष्ट बजाविलें आहे, आणि पुढें सराव कशावर करावा याची यादी दिली आहे. छेदन शिकावयाचें तें कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांवर. भेदन पाण्यानें अथवा चिखलानें भरलेल्या कातडी पिशव्यांवर. खरवडण्याचा सराव केसाळ कातड्यावर, शीर टोंचण्याचा मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर, शलाका घालून शोध घेण्याचा किडीनें पोखरलेल्या लांकडावर व वेळूवर, टांके घालण्याचा वस्त्रावर आणि मऊ कातड्यावर. पट्टी बांधण्यासाठीं तर सर्व अवयव असलेला एक बाहुलाच सांगितला आहे. प्रत्येक क्रियेस तिच्या स्पर्शाशीं जुळणारें द्रव्य निवडलेलें आहे, हें यांत पाहण्यासारखें आहे. रुग्णावर पहिली चूक होऊं नये म्हणून ती भोपळ्यावर करून घ्यावयाची!

युरोपांत अठराव्या शतकांत आंजेलिक द्यु कूद्रे या फ्रेंच सुइणीनें कापड, कातडें आणि भरण यांचें स्त्रीचें धड व अर्भक तयार केलें, आणि १७५९ सालीं राजाज्ञा मिळवून गांवोगांवच्या सुइणींना त्यावर बाळंतपण शिकविलें. पुढें १९२९ सालीं एडविन लिंक या अमेरिकनानें वैमानिकांसाठीं जमिनीवरच डोलणारें विमान बनविलें. दुसऱ्या महायुद्धांत असंख्य वैमानिक त्यांत बसून शिकले. सोनोग्राफीचा सिम्युलेटर या दोघांचा वंशज म्हणावयास हरकत नाहीं.

त्याची रचना अशी. टेबलावर रबरासारख्या द्रव्याचें एक धड असतें. प्रोब खऱ्यासारखा दिसतो, पण त्यांतून ध्वनि निघतच नाहीं. त्याच्या आंत एक स्थितिदर्शक असतो; प्रोब कोठें टेकला आहे आणि किती अंशांनीं कलला आहे हें तो क्षणोक्षणीं संगणकास कळवितो. संगणकाच्या संग्रहांत खऱ्या रुग्णांच्या तपासणींतून मिळालेलीं घनचित्रें, त्यांचीं नांवें-गांवें पुसून, सांठविलेलीं असतात. प्रोब जसा धरला जाईल तशी त्या घनचित्राची चकती कापून संगणक पडद्यावर मांडतो. हात पुढें सरकला कीं यकृत दिसतें, आणखी कलला कीं मूत्रपिंड. रबराच्या पोटांत कांहीं नसतांना! शिकणाऱ्याच्या दृष्टीनें मात्र हात आणि चित्र यांचें नातें तेंच राहतें, आणि शिकावयाचें तें नातेंच होय.

याचा पहिला लाभ म्हणजे पुनरावृत्ति. एकच माप पन्नास वेळां घेतलें तरी कोणाचें अंग दुखत नाहीं. दुसरा लाभ त्याहून मोठा आहे. फुटलेली गर्भनलिका किंवा गर्भाशयाचें तोंड झांकून बसलेली वार शिकाऊ डॉक्टराच्या पाळींतच येईल असा नेम नाहीं. सिम्युलेटरांत ती मंगळवारीं सकाळीं दहा वाजतां हजर करतां येते, आणि सर्व विद्यार्थ्यांना एकच रुग्ण दाखवून त्यांची तुलनाही करतां येते. गर्भाचा सराव करतांना खरा गर्भ व खरी माता समोर नसल्यानें गर्भलिंगाचा प्रश्न कोणाच्या बाबतींत उद्भवत नाहीं. पण खोट्या पोटावर शिकलेलें खऱ्या पोटावर उतरतें काय, ही शंका रास्त होती. कोपनहेगन येथील संशोधकांनीं ती तपासून पाहिली. नव्या डॉक्टरांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट केले. एकास आधीं सिम्युलेटरवर ठराविक पातळी गांठेपर्यंत शिकविलें, दुसऱ्यास नेहमींप्रमाणें थेट रुग्णालयांत घातलें. दोन महिन्यांच्या रुग्णसेवेनंतरही, खऱ्या स्त्रियांच्या योनिमार्गी तपासणींत पहिल्या गटाचें काम सरस ठरलें. हे निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध झाले. पुढील अभ्यासांत तपासल्या गेलेल्या स्त्रियांस होणारा त्रासही कमी आढळला. ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोलाची आहे.

पूर्व विदर्भास लागू पडणारें आणखी एक उदाहरण आहे, आणि त्याकडे फार थोड्यांचें लक्ष जातें. या भागांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार बऱ्याच घरांतून आहे. त्याच्या निर्मूलनाचें राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजीं शेजारच्या मध्यप्रदेशांत शहडोल येथें सुरू झालें. या विकारांत लहान मुलांस एकाएकीं पक्षाघात होण्याचा धोका असतो, आणि तो आधीं ओळखण्याचें साधन म्हणजे सोनोग्राफीचीच एक शाखा होय. कानाच्या पुढें, गालाच्या हाडाच्या वर, कवटी पातळ असते. तेथें प्रोब टेकून मेंदूच्या रोहिणींतील रक्ताची गति मोजतात. ती सेकंदास २०० सेंटिमीटर वा अधिक भरली तर धोका मोठा. अशा मुलांस नियमित रक्त दिल्यानें पक्षाघाताचें प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटतें, असें १९९८ सालीं अमेरिकेंत सिद्ध झालें. आतां यांत हाताचा भाग पाहा. ध्वनीची दिशा आणि रक्ताची दिशा एका रेषेंत असेल तरच गति खरी मोजली जाते. हात तीस अंशांनीं चुकला तर २२० ची गति १९० दिसते. मूल धोक्याच्या रेषेखालीं गेलें, आईबापांना धीर दिला गेला, आणि चूक कोणाच्याच लक्षांत आली नाहीं. खऱ्या मुलावर ही चूक पकडण्यास मार्ग नाहीं, कारण खरी गति किती हें कोणासच ठाऊक नसतें. उलट, कांहीं सिम्युलेटरांत रक्तप्रवाहाची गति आधींच नेमून दिलेली असते. विद्यार्थ्यानें मोजलेला आंकडा आणि नेमलेला आंकडा शेजारीं शेजारीं मांडले कीं हात किती चुकतो हें त्याचें त्यालाच दिसतें.

तथापि या रबरी उदराच्या मर्यादाही ओळखून असावें. तें श्वास घेत नाहीं, त्यांत वायु धरत नाहीं, थंड जेल पडल्याबरोबर तें अंग चोरून घेत नाहीं. गोंदिया जिल्ह्यांत कोणी पोवारी बोलतें, कोणी गोंडी, कोणी छत्तीसगढी, कोणी झाडीबोली. श्वास रोखून धरा हें साधें वाक्य त्या बाईस समजेल असें सांगणें हीही तपासणीचीच कला आहे. आणि गर्भाचें हृदय थांबलेलें पडद्यावर दिसतें त्या क्षणीं शेजारीं पडलेली माता डॉक्टराच्या चेहऱ्याकडे पाहात असते. तेव्हां काय बोलावें हें कोणताही संगणक सांगत नाहीं. दुसरें असें कीं, शिक्षक पाठीशीं नसेल तर सिम्युलेटर चुकीची संवयही तितक्याच इमानानें पक्की करतो. तिसरी मर्यादा यंत्राची नव्हे, आपल्या स्वभावाची. देशांतील प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयांत कौशल्य-प्रयोगशाळा असावी असें २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमानें ठरविलें आहे. परंतु महागडी वस्तु मोडेल या भीतीनें ती कुलपांत ठेवावयाची आणि पाहुणे आले कीं चादर काढून दाखवावयाची, ही आपल्या संस्थांची जुनी रीत आहे. कुलपांतल्या सिम्युलेटरपेक्षां सुश्रुताचा दुध्या बरा.

आणि तसा दुध्या आजही करतां येतो. ध्वनि न सोडणाऱ्या सिम्युलेटरहून निराळा असा एक स्वस्त प्रकार आहे; त्यांत यंत्र व प्रोब खरे, फक्त शरीर खोटें. अमेरिकेंतील दोघा तज्ज्ञांनीं १९९५ सालीं त्याची कृति प्रसिद्ध केली. गरम पाण्यांत जिलेटिन विरघळवावयाचें आणि त्यांत इसबगोलाचा भुसा मिसळावयाचा. नुसतें जिलेटिन पडद्यावर काळें दिसतें. भुशाच्या कणांवरून ध्वनि विखुरतो, आणि तोच ठोकळा यकृतासारखा करडा दिसूं लागतो. रबरी हातमोज्याचें बोट पाण्यानें भरून, गांठ मारून आंत बुडविलें कीं तें पित्ताशय झालें. त्यांत एक खडा टाकला कीं पित्तखडा, मागच्या काळ्या सावलीसकट. बुडबुडे मात्र राहूं देतां कामा नये, कारण हवेपुढें ध्वनीचा इलाज चालत नाहीं. अशा ठोकळ्यावर प्रोब कलविणें, फिरविणें, सुईचें टोंक शोधीत आंत नेणें, हें सर्व एका दुपारीं दहा जणांस करतां येतें, आणि खर्च एखाद्या घरगुती मेजवानीइतकाही येत नाहीं. वैशाखांत गोंदियाचा पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो तेव्हां जिलेटिनचा ठोकळा टेबलावर रस होऊन वाहूं लागतो. त्या दिवसांत खिरीच्या वड्यांस वापरतात तो चायना ग्रास घ्यावा. तो उकळून एकदां जमला कीं सहजासहजीं वितळत नाहीं. तो ठिसूळ असतो, कडेनें वाळतो, आणि कांहीं दिवसांनीं त्यावर बुरशी येते; म्हणून प्लॅस्टिकांत गुंडाळून फ्रीजमध्यें ठेवावा, आणि खराब झाला कीं टाकून नवा ओतावा.